मागची बाजू

पहिली मशीन एकच होती, उजव्या कानाची.
साकोलीच्या शिबिरात भेटली. तवापासून
सारं गाव माह्या उजव्या हाताले येऊन उभं रायलं.
बस, भजनातली पेटी, गिरणीचा पट्टा,
समदं एकाच खिशात कोंबल्यावानी.
भुरीची लाकडी घंटी ऐकू ये,
पर कोन्या नाल्यातून?
मोहाखाली भोवऱ्यावानी गरगर फिरो,
शेवटी खूर पाहत पाहत जावो.

पंचफुला अकरा वर्षं
वळसा घालून, पुढं येऊन बोलली.
शिवी द्यायची असली तरी पुढं येऊन.

औंदा भंडाऱ्याले दोन भेटल्या.
तिथल्या बाईनं खुर्चीत बसवलं, डोळ्याले रुमाल बांधला.
"डोमाजी, आवाज कुठून आला? बोट दाखवा."
म्हने, या दोघी एकमेकींशी बोलतात.
डावीकडं आधी पोचला का उजवीकडं,
तेवढ्या केसभर वेळेचा हिशेब करतात.
हे मले पटलं.
आमच्या दोघी सुना चुलीपाशी बसल्या बसल्या
अंगनात कोन आलं ते असंच ठरवतेत.

मंग म्हने, गोंगाट असला की मशीन
समोरचा मानूस धरते, मागचं दाबून टाकते.

मी म्हनलं, बाई,
समोरचं पाहाले डोळे हायेत.
कान मागच्यासाठी.
वासरू रायते ते मागं.
माकड खॅकरते ते मागून.
बिबट काय, नमस्कार करून समोरून येते?

ती हसली नाई.
कंप्युटरवर बराच वेळ खटखट केलं
अन् म्हने, हे बटन.
दोनदा दाबलं का चारी बाजू खुल्या.

काल सांजेले गोठा झाडत होतो.
बटन दाबलेलं.
"अजी, ढोराईचं मीठ कुठी ठेवलं?"

मागून.

मी वळलो, डाव्या अंगानं.
ती उजवीकडं, कवेलूच्या ढिगापाशी.
चुकलो, पर अर्धाच.
मशीनीले म्हनलं, असू दे, शिकू तिघंबी.

पंचफुला पुढं आली नाई.
तिथूनच, जरा हळू,
पुन्हा तेच इचारलं.

मीठ तिच्या हातातच होतं.