खिशावरचा बिल्ला

पतपेढीत सतरा वर्षं मी काउंटरवर.
माणूस काचेच्या दारातून आत यायच्या आधी
त्याची इस्त्री आत यायची.
कडक सफारी दिसली की माझा हात आपोआप
खुर्चीकडे: 'बसा ना. चहा?'
आणि हळदीच्या यार्डातला दस्तगीर आला
की तोच हात फडकं शोधायचा,
कारण तो टेकेल तिथं पिवळं उठायचं.
दर शनिवारी दोनशे रुपये. नोटासुद्धा पिवळ्या.
मी म्हणायची, 'लांबून दे रे.'
वयानं तो माझ्या थोरल्या भावाएवढा.
'रे' म्हणताना ते कधी आठवलं नाही.

मग कृष्णा आयर्विनच्या पुलाला भिडली.
गावभागात, आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर पाणी.
बोटीत चढताना अंगावर होतं तेवढंच माझं;
कपाटातल्या बेचाळीस साड्या
(मोजलेल्या होत्या)
आठवडाभर पाण्यात फुगत राहिल्या.

शाळेतल्या छावणीत ट्रक आला.
कुठल्या कुठल्या गावांनी कपाटं झाडली होती:
एक शेरवानी, गॅदरिंगमधले परीचे पंख,
पट्टा नसलेले गणवेश.
माझ्या वाट्याला जांभळा गाउन, गुडघ्याशी उसवलेला,
वर पुरुषी स्वेटर, त्यावर दात काढून हसणारा उंदीर.
दस्तगीरला कोट.
निळा, सोनेरी बटणांचा, खिशावर
भरतकामाचा बिल्ला: दिवा, पुस्तक, दोन सिंह,
खाली कसलंसं संस्कृत.
अंगात चढवून त्यानं खांदे हलवून बघितले,
पोतं नीट बसलंय का बघावं तसे.

पंचनाम्याच्या रांगेत तो माझ्या मागे.
टेबलामागचा पोरगेला कारकून
मान अर्धीच उचलून म्हणाला,
'ए बाई, मागं हो. एकदा घेऊन गेलीस ना?'
मी सह्या केलेल्या पासबुकांत
एखादं त्याच्या आईचंही असेल.
मग त्याला कोट दिसला.
'या सर. आपण कुठल्या संस्थेचे?'

दस्तगीरनं मागं वळून बघितलं, सर कोण ते.
मग म्हणाला, 'मी हमाल हाय ओ, यार्डात.
आदी ह्यांचं घ्या. म्याडम हायत ह्या.'
कारकुनानं मला बघितलं, मग उंदराला.
पटलं नव्हतं त्याला.
तरी लिहून घेतलं, कोटाच्या शब्दावर.

रात्री त्याचे आभार मानायचे होते.
'तुझे' की 'तुमचे' यात अडकले,
आणि राहिले.

पाणी उतरलं. साड्या नव्या आल्या, काउंटरची काचही.
पहिल्या शनिवारी दस्तगीर, पिवळाधमक.
मी म्हणाले, 'बसा.'
तो बसला नाही. 'खुर्ची खराब हुईल.'
मला हायसं वाटलं.
हे लिहायलाच हवं.

परवा कोट घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
त्याच्या तौफिकची मुलाखत आहे, कुपवाडच्या कारखान्यात.
'एवढा बिल्ला काढून द्या.
कुटल्या शाळंचा म्हून इचारलं तर
प्वार खोटं बोलंल, न्हाईतर खरं.
दोन्हीनं नोकरी जाईल.'

रात्री ब्लेड घेऊन बसले.
सिंह पटकन गेले, मग पुस्तक.
दिव्याचे टाके चिवट, बोटाला लागलं.
खालून कापड निघालं गडद निळं, न विटलेलं,
ढालीच्या आकाराचं.
बाकीचा कोट किती फिका होता
ते तेव्हा कळलं.
ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. पुन्हा फिरवली.
ढाल जात नाही.

सकाळी पोरगा न्यायला येईल. त्याला सांगणार आहे,
खिशात रुमाल ठेव, जरासा बाहेर लोंबता.
पांढराच ठेव.
बाकी रंगांचं लोक काहीबाही समजतात.