पावांचा हिशेब

इनास पोदेर पहाटे डिचोलीच्या चढावर
सायकल हातात धरून चालायचा.
माझ्या दुकानापाशी टोपलीवरची ताडपत्री नीट करायचा
आणि न बघताच आकडा टाकायचा:
छावणीला आज दोनशे चाळीस.

मी वहीत नारळ म्हणून लिहायचो.
दुकान रॉकेलचं; पण नारळ विकले तर कोण विचारतो.
माणशी दोन उंडे, म्हणजे शिपाई एकशेवीस.
मागल्या महिन्यात ऐंशीच नारळ होते.
वाढताहेत, असं लिहून खाली रेघ मारली,
चिठ्ठी चपलेच्या तळव्यात शिवली
आणि गुरुवारी दोडामार्गची वाट धरली.

पलीकडचा माणूस चष्मेवाला, दात कोरत बसलेला.
म्हणाला, तोफा किती?
म्हटलं, तोफा पाव खात नाहीत.
हसला. लिहून घेतलं काहीतरी.

डिसेंबरात पूल उडाला, मग आमच्या काचा,
मग सगळं इतक्या लवकर आटपलं
की इनासच्या भट्टीतला घाणा करपलासुद्धा नाही.
हात वर करून बाहेर आले ते मी मोजले.
एकेचाळीस.
पुन्हा मोजले.
त्यांत एक तर पोरच, सर्दीने नाक गळणारं,
हात वर म्हणून पुसताही येईना.

पुढे किती वर्षांनी, हुर्राकाच्या दुसऱ्या पेल्यावर
इनास बोलला:
छावणीचा स्वयंपाकी जास्तीचे पाव बाजारात विकायचा.
आणि वर मलाच,
"तुवें पाव विचारिल्ले, तोंडां न्हय."

दर डिसेंबरला शाळेतली मुलं येतात वह्या घेऊन.
आजोबा, तुमच्या बातमीने लढाई टळली असती का?
आता काय सांगू.
माझ्या आकड्यापायी तिकडून चार गाड्या जास्त निघाल्या असतील,
किंवा चिठ्ठीत कुणी चणे बांधून खाल्ले असतील.
ठरवणारे आधी ठरवतात
आणि मग विचारतात, नारळ किती.
हे मुलांना सांगत नाही.
त्यांना चप्पल दाखवतो. उसवलेली शिवण बघून खूश होतात.

सवय मात्र गेली नाही.
परवा समोर मिनेझिसांकडे सहाच्या जागी वीस पाव उतरले.
सुनेला म्हटलं, लिस्बनचा मुलगा आला वाटतं,
आज तिकडे जेवणावळ.
दुपारी इगर्जीची घंटा झाली,
एकेक ठोका लांबवत.

आकडा बरोबर होता.