पाठकोरे

स्विंडनला प्रिंटर घेतला तेव्हाच ठरलं,
एका बाजूचं छापून झालं
की कागद बुटांच्या खोक्यात.

रद्द झालेलं तिकीट, फसलेली केकची कृती,
आणि ते नेहमीचं शेवटचं पान
ज्यावर नुसती तारीख उतरते.

इरावती त्यातलंच एक ओढते.
उलटं घालायचं की सुलटं, दर वेळी चुकते,
म्हणून ट्रेवर पेन्सिलीने बाण काढलाय.

काल तिचा नकाशा उजेडाला धरला
तर सेव्हर्न नदीच्या मागून
माझं नाव वाहत होतं,
‘कळवण्यास खेद वाटतो’पर्यंत.
दोनदा वाचायला म्हणून छापलं होतं ते.

बाईंनी नदीला दहापैकी नऊ दिले.
एक कापला, काठ पुसट म्हणून.

शाई मात्र विकतच आणावी लागेल.
बघू,
पगार सुरू झाला की.