लाल

सोहारच्या प्लांटवर रात्रपाळीला
समुद्र गाळून गोड होतो.
मी काचेच्या नळीत दहा मिली घेतो,
दोन थेंबनळ्या लाल औषध टाकतो
आणि थांबतो.
लाल लालच राहिलं की वहीत लिहायचं :
फ्लोराइड, नगण्य.
चार वर्षं झाली,
नगण्य, नगण्य,
एवढा शब्द मी आईलाही लिहिला नाही.

खलफान विचारतो, हसताना तोंडावर हात का?
मी म्हणतो, सवय.

पासपोर्टच्या फोटोत, हळदीच्या फोटोत,
जुई झाली त्या रात्री नर्ससमोरसुद्धा
मी ओठ मिटूनच आनंद केला.
माझ्या दातांवरचे पट्टे चहाचे नाहीत,
खर्‍याचे नाहीत,
पांढरकवड्याकडच्या एका बोअरचे आहेत.
लहानपणी प्यालो ते सगळं
आडव्या रेघांत लिहून ठेवलंय.

तिथली हापशी लाल रंगवली होती.
सरकारी माणूस डबा घेऊन आला, रंगवून गेला.
रंग वाळायच्या आत देवकाताईनं घागर लावली;
कित्येक दिवस तिच्या तळव्याला लाल होतं.
दुसरी हापशी दीड कोसावर,
आणि तिचे गुडघे तोवर
चालताना एकमेकांवर घासायला लागलेले.
ती म्हणायची,
'वास नाही, रंग नाही, चव त गोड हाय.
मंग इख कसं म्हनू याले?'
बाबांना चंद्र बघायचा तर
खाटेवर उताणं पडावं लागे.
मान वर होत नव्हती.
डॉक्टर म्हणाले वात,
शेजारी म्हणाले वय.
बाबा तेव्हा सत्तेचाळीसचे होते.

इथे दातांच्या डॉक्टर सलीना म्हणाल्या,
मुलीला चार दाढांत कीड आहे,
इथल्या पाण्यात फ्लोराइड नसतंच म्हणा ना,
पेस्ट तरी फ्लोराइडची वापरा.
प्रमिला गाडीत गप्प होती.
घरी आल्यावर म्हणाली,
जे वन्संच्या हाडात गेलं
ते मी पोरीच्या तोंडात घालू?
पेस्टची नळी तीन दिवस
खिडकीत, बंद, उन्हात.

मागच्या सुट्टीत मी हापशीचं पाणी भरून आणलं,
शर्टांच्या घडीत, बूच मेणानं बंद करून.
मस्कतला बॅग उघडली.
हे काय?
पाणी.
तो हसला, दुसर्‍याला बोलावून दाखवलं,
ते दोघेही हसले,
आणि मीही. हात तोंडावर.

पहाटे तीनला, खलफान नमाजापूर्वी डुलकी घेत असताना,
नळी धुतली, तीनदा धुतली.
दहा मिली. औषध.
लाल उतरायला लागलं,
जसं ताईच्या एकुलत्या रेशमी लुगड्याचं
पहिल्याच धुण्यात उतरलं होतं.
मशीनला आकडा झेपेना.
चौपट पातळ करून पुन्हा लावलं.
चार पॉइंट आठ.
वहीत नमुन्याच्या रकान्यात जागा होती,
तिथे काहीच लिहिलं नाही.
नळी उजेडासमोर धरून बसलो.
गावात लाल म्हणजे पिऊ नका,
इथे लाल म्हणजे प्या.
एवढं साधं कुणाला कसं समजावणार.

ताईला फोन केला.
'किती निंगालं?'
चार पॉइंट आठ.
'म्हंजे किती?'
दीडच्या वर चालत नाही, ताई.
बराच वेळ फोनमध्ये कोंबडा आरवत होता.
मग ती म्हणाली, 'तुह्या पोरीचं पानी मोजलं का?'

सकाळी जुईच्या ब्रशवर
मी तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली.
प्रमिलानं ब्रश घेतला,
दिव्याखाली धरला,
नखानं थोडी काढली.
मग काढलेली परत लावली.
गिळू नको, थुंक, म्हणाली,
आणि पोरगी थुंकेपर्यंत दोघंही
बेसिनशी वाकून उभे राहिलो.

जुई आरशात बघून म्हणाली,
बाबा, आता तुझे दाखव.