पुरवणी मागणी

काल संध्याकाळी पावणेसहाला
मी माइकमध्ये नेहमीसारखी फुंकर मारून बघितली
आणि म्हणालो, खरपाडी मुक्कामी रद्द.
तीन शब्द. चौथा कधी लागत नाही.
फलाट सातवरच्या पाचसहा माणसांनी
पिशव्या उचलल्या.
आता कुणी भांडतसुद्धा नाही.

मुक्कामी गाडी म्हणजे काय
ते जिच्या गावात ती थांबते त्या गावालाच ठाऊक.
रात्रभर ती शाळेच्या पटांगणात उभी,
ड्रायव्हर-कंडक्टर समाजमंदिरात,
काचांवर दव.
साडेपाचला तिचं इंजिन खोकलं
की घराघरांत चुली पेटतात.
म्हणजे संध्याकाळी मी नाशकात बसून जी रद्द करतो
ती गाडी नसतेच.
ती उद्याची सकाळ असते.

आज साडेबाराला चौकशीच्या खिडकीशी एक मुलगी.
हर्षला भोये, एस. वाय., भूगोल.
ओढणीला टोमॅटोचा वास.
वाघेऱ्याचा घाट, गिरणाऱ्यापर्यंत पिकअपमध्ये क्रेटवर बसून,
पुढे कुणाच्या तरी मोटरसायकलवर.
पेपर दहाचा. साडेदहाला गेट बंद.
रडत नव्हती.
हॉल तिकीट आत सरकवून म्हणाली,
"यावर शिक्का द्या. गाडी आली नाही असा."

माझ्याकडे शिक्के चार आहेत.
असा एकही नाही.

"का नाही आली?"
अल्टरनेटर नव्हता.
"का नव्हता?"
मुनाफ मिस्त्रीने काढून पेठच्या गाडीला लावला.
पेठचा त्याआधी सटाण्याच्या गाडीला गेलेला.
डेपोमागे भिंतीशी तीन गाड्या आहेत,
त्यांच्या अंगावर आता फक्त पाट्या उरल्यात.
"मग नवा का नाही आणत?"
मी वर बोट केलं.
वर पंखा होता.
तिने खरंच पंख्याकडे पाहिलं.

तेव्हा मला लाज वाटली, आणि नीट सांगितलं:
आमच्या वहीत एक रकाना असतो, 'येणे'.
अर्ध्या तिकिटांचं, पासांचं, म्हाताऱ्यांच्या मोफत फेऱ्यांचं
शासनाकडून येणे.
ते आम्ही पुढच्या पानावर ओढतो,
तिथून पुढच्या वर्षात.
बत्तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहितोय, बाई,
त्या रकान्याइतकी उशिरा
एकही गाडी आलेली पाहिली नाही.

"कोण देतं ते?"
अधिवेशनात मागावं लागतं.
पुरवणी मागण्या म्हणतात.
ती पहिल्यांदा हसली.
"पुरवणी तर आम्हीपण मागतो, सर.
पान भरलं आणि सांगायचं उरलं
की नुसता हात वर करायचा."
हॉल तिकिटाची घडी घातली, गेली.
परत कशी जाणार,
हे विचारायचं राहूनच गेलं.

ड्युटी संपली तरी उठलो नाही.
रद्द फेऱ्यांच्या तक्त्याची मागची बाजू कोरी असते,
तिथे लिहायला घेतलं.
मला काचेचं छत नको. सरकत्या जिन्यांचं स्थानक नको,
ज्याच्या उद्घाटनाला मांडव लागतो असं काहीच नको.
अल्टरनेटर अकरा. टायर, मोजून सांगतो.
ड्रायव्हर, ज्यांना सलग दुसरी पाळी करावी लागणार नाही.
आणि येणे आहे ते यावं,
दरवर्षी, ठरल्या महिन्यात,
मागितल्याशिवाय.
तोट्याची फेरी म्हणता ना तिला?
शाळा कुठे नफ्यात चालते? दवाखाना?
खरपाडीच्या पोरींचा भूगोल
कुठल्या लेखाशीर्षात बसतो तेवढं कळवा.

पावणेसहा.
फलाट सातवर कालच्यापेक्षा दोन माणसं जास्त.
त्यांत टोमॅटोच्या वासाची ओढणी.
मी फुंकर मारली.
खरपाडी मुक्कामी रद्द,
कारण

आणि चौथ्या शब्दानंतर
तो कागद तसाच वाचत सुटलो.
टेबलावर आगारप्रमुखांचा फोन वाजत होता. वाजू दिला.
बाहेर कुणीतरी उचललेली पिशवी
परत खाली ठेवली.
श्वास घ्यायला थांबलो तर
खांबाला टेकलेला एक म्हातारा ओरडला,
"मग? पुढं वाच की."