तेवीस किलो

तामुनाची बॅग तीन दिवसांपासून
पलंगावर आ वासून पडली आहे.
मी जाता-येता बघते, बोलत काही नाही.
खालच्या नरवरियाकडून स्प्रिंगचा काटा आणलाय,
ज्याला तो रद्दीचे गठ्ठे लटकवतो.
पहिल्यांदा सव्वीस भरली, मग साडेपंचवीस.
गजकचे दोन डबे काढले,
एक परत ठेवला.
किल्ल्यावरून उचलून आणलेला दगड
मी तिला न विचारता तुळशीत टाकला.
सकाळी बघते तर पुन्हा बॅगेत, मोज्यात गुंडाळलेला.

अकरा महिने ती कंपूच्या शाळेत शिकवायला जायची,
तिथल्या पोरांना ऐकू येत नाही.
(ऐकू येऊन न ऐकणारी माझ्या घरात पुष्कळ झाली.)
आली त्या दिवशी भाडं तिनं बोटांवर विचारलं,
मी बोटांवर सांगितलं,
आणि दोघींनी वेगवेगळा आकडा धरला.
सहा महिन्यांनी उलगडा झाला, तोवर
भाड्याचं बोलणं दोघींनाही ओशाळवाणं वाटू लागलं होतं.

मे महिन्यात कूलरमध्ये पाणी ओतायची पाळी तिची.
लू अंगावर घेत गच्चीत उभी राहायची, लालबुंद,
आणि तुटक हिंदीत सांगायची,
काकू, कुतैसीला आत्ता द्राक्षाला पानं फुटली असतील.
मी म्हणायची, फुटू देत, तू आधी डोक्याला पंचा बांध.

परवा रात्री आरशासमोर हात हलवत होती.
मला वाटलं व्यायाम.
म्हणाली, तालीम.
तिकडच्या खुणा वेगळ्या. पाणी वेगळं, भूक वेगळी.
इथली पोरं आई म्हणताना
नथीच्या जागी बोट नेतात,
तिकडे कुणाच्या आईला नथच नाही.
धाकटी बहीण जन्मापासून बहिरी,
तिच्यासाठीच तर हे सगळं शिकली,
आणि आता तीच हसेल, म्हणाली,
माझे हात ग्वाल्हेरचे झालेत.

हसू दे की.
मी पुण्याला गेले आणि
'मी येऊन राहिले ना' म्हटलं
की नणंदा अजून तोंडाला पदर लावतात.
लग्नाला एकतीस वर्षं झाली.
आम्हा लष्करवाल्यांचं परत जायचं गाव कुठलं,
हे पणजोबांनंतर घरात कुणी काढलं नाही.
हे तिला सांगायला हिंदी पुरेना,
मग मी आल्याचा चहा टाकला.

पोरांनी तिचं एक नाव ठेवलंय.
खालचा ओठ पुढे काढायचा
आणि कपाळावर फुंकर मारायची,
ती बट उडवते तशी.
पाचवीतली मुबीना ते नाव इतक्या जोरात घेते
की तिची स्वतःची बट उडते.
हे पासपोर्टात कुठे लिहू, तामुना विचारत होती,
हसत होती, आणि मग
एकदम चेन लावायला बसली.

चोवीस किलो आठशे.
माझी लोकरीची शाल काढ म्हटलं, काढत नाही.
अंगावर घालून जाईन म्हणते,
अंगावरचं कोण मोजतंय.

उद्या पहाटेची गाडी. धुकं असणार, उशीर होणार.
एसी डब्याची काच काही उघडत नाही.
लोक नेहमीसारखे फोन कानाला लावून
काचेवर थापा मारतील, हॅलो, आवाज येतोय का, हॅलो.
शाळेतली चौदा पोरं येणार आहेत,
ती मात्र निवांत बोलत राहतील,
गाडी हलेपर्यंत, हलल्यावरही,
प्लॅटफॉर्म संपेपर्यंत पळत.

मला तिच्याकडून तीनच खुणा आल्या.
चहा. जेवलीस का. गॅस बंद कर.
काचेसमोर माझी पाळी आली की मी बहुतेक
गॅस बंद कर म्हणेन.