मालक: १००७

ग्रिम्सबी, पहाटेचे तीन दहा.
गोदीवरच्या शीतगृहात हॅडकचे खोके उणे बावीसवर,
आणि त्यांचा पारा मिनिटामिनिटाला टिपणारी सर्व्हिस
बारापासून गप्प.

बघते तर जिवंत आहे. चारशे अकरा दिवस चालू,
पडद्यामागे, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
मालकाच्या रकान्यात मात्र नाव दिसेना.
नुसता आकडा, १००७.

क्लाइव्ह ओस्गर्बी.
शुक्रवारी त्याला निवृत्तीचा केक कापायला लावला,
काल मी त्याचं खातं पुसलं.
नाव गेलं, आकडा उरला. आमच्या गावचा तलाठी म्हणाला असता,
बाई, फेरफार राहिलाय.

आणि कालच, ऑडिटची चिठ्ठी आली म्हणून,
नव्या फायलींसाठी मीच लिहून ठेवलं: मालक रूट, परवानगी सहाशे.
मालकाने लिहावं, मालकानेच वाचावं,
इतरांनी उंबऱ्याशीसुद्धा थांबू नये.
क्लाइव्हचं असायचं सहाशे चाळीस. गटाला वाचू द्यायचा तो.
चहाही सगळ्यांसाठी टाकायचा, पाणचट.

बाराला फायली फिरल्या.
आजची झाली कालची, कालची परवाची,
चौदावी कुणाला न विचारता गेली.
सर्व्हिस कोरी फाइल उघडायला आली
आणि स्वतःच्याच दारात तिला नकार मिळाला.

मग इतका वेळ करत काय होती?
शोधलं. लिहीतच होती बया,
कालच्या फायलीत, धरलेला हात न सोडता:
००:०१ उणे बावीस, ००:०२ उणे बावीस,
तीन तास, एक मिनिट न गाळता.

बाहेर एक सीगल कचऱ्याच्या झाकणाशी झटतोय.
मी नवं खातं काढते, कुणा माणसाचं नाही, या कामापुरतं.
सिस्टीम मोकळा आकडा शोधते
आणि देते १००७.

एंटर दाबताच मागच्या सगळ्या दिवसांवर
नवं नाव चढतं. ना सही, ना साक्षीदार.
क्लाइव्ह, तुझं एवढंच होतं इथे.

सहाशे चाळीस करते. ऑडिटचं सकाळी बघू.
ते तीन तास चुकीच्या तारखेखाली पडलेत,
हलवत नाही. चौदा रात्रींनी जातीलच.

०३:५२. नव्या फायलीत पहिली ओळ.
उणे एकवीस पूर्णांक चार.
खाली कुणीतरी दार उघडलंय.